रात्री २७, दुसऱ्या दिवशी २१

पत्राचा सारांश : वाचक ४३ वर्षांच्या आहेत. पती गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर तालुक्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागल्या. ठरावीक मुदतीत टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची अट आहे आणि मुदत संपायला थोडेच महिने उरलेत. ऑफिस सुटलं की त्या टायपिंगच्या क्लासला जातात. तिथे पाऊण तास मराठी आणि लगेच पाऊण तास इंग्रजी, कारण 'दोन्हींपैकी जे आधी निघेल ते निघेल'. घरचं सगळं आवरून साडेदहाला पुन्हा बसतात ते एक-दीडपर्यंत, पुस्तकातला एकच उतारा परत परत. पहाटे पाचला नळाला पाणी येतं, तेव्हा उठावंच लागतं. रविवारी सलग पाच तास. दिवाळीनंतर सुरुवात केली तेव्हा मराठीचा वेग मिनिटाला १२ शब्द होता. आता रात्री २७ पर्यंत जातो, पण दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये बसल्या बसल्या २१ येतो. हवेत ३०. इंग्रजी त्यातल्या त्यात बरं चाललंय, याचं त्यांनाच नवल वाटतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मराठीचा कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा आहे, क्लासमध्ये रेमिंग्टन पद्धतीचा. त्या लिहितात : "रात्री केलेलं सगळं गळून जातं. मुलगा कीबोर्ड झाकून विचारतो, आई, झ कुठे आहे? तेही सांगता येत नाही. क्लासमधली एकोणीस वर्षांची मुलं माझ्यानंतर येऊन पुढे गेली. माझ्या डोक्यात आता काही टिकत नाही. पहाटे साडेतीनला उठून अजून तास वाढवू, की या वयात जमणार नाही हे मान्य करून मोकळी होऊ?"

नमस्कार ताई,

साडेतीनला उठू नका. हे आधी सांगून टाकते, कारण तुमचा स्वभाव पत्रातून जेवढा कळला त्यावरून तुम्ही गजर लावूनही मोकळ्या झाला असाल. बाकीचं सावकाश बोलू.

डोक्यात काही टिकत नाही, असं तुम्ही म्हणता. पण आकडे तुम्हीच दिलेत आणि ते तुमच्या बाजूने बोलत नाहीत. दिवाळीनंतर १२, आता २१. हा २१ सुद्धा दिवसभर ऑफिस करून, हात गार असताना, पहिल्या झटक्यात आलेला. हे मधले नऊ शब्द आले कुठून? टिकलं त्यातूनच आले ना.

उलट तपासायला हवा तो तुमचा २७. एकच उतारा रात्रीत आठ-दहा वेळा झाला की पुढचा शब्द कोणता ते बोटांना आधीच ठाऊक असतं. त्यात तो उतारा पाठ झाल्याचे काही शब्द आहेत, हात तापल्याचे काही आहेत. खुर्चीतून उठलं की ही ऊब जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिली काही मिनिटं ती परत यायला लागतात. हातांच्या कामांचा अभ्यास करणाऱ्यांना ही सुरुवातीची घसरण फार जुन्या काळापासून माहीत आहे. तिला कुणी विसरणं म्हणत नाही. तुम्ही आदल्या रात्रीच्या शेवटच्या आकड्याशी दुसऱ्या दिवशीचा पहिला आकडा लावून बघता आणि रोज हरता. असं मोजलं तर कुणीही हरेल, एकोणीस वर्षांची मुलंही.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येऊ. सराव म्हणजे आपण जेवढा वेळ बसतो तेवढाच, असं धरून तुम्ही चालला आहात. म्हणून वेग वाढेना झाला की तास वाढवायचे, एवढा एकच उपाय दिसतो. पण शिकण्याचा बराच भाग आपण उठून गेल्यावर होत असतो. १९०० साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये गेओर्ग म्यूलर आणि त्यांचे विद्यार्थी आल्फोन्स पिल्झेकर यांनी लोकांकडून निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून घेतल्या. पहिली यादी झाल्या झाल्या दुसरी पाठ करायला दिली, तर पहिली जास्त विसरली जायची. मधे थोडा वेळ जाऊ दिला, तर कमी. पाठ झालेली गोष्ट डोक्यात बसायला नंतरही काही काळ लागतो, असा त्यांनी त्यातून अंदाज बांधला.

हे झालं शब्दांचं. हातांचं काय, हे कळायला बरीच वर्षं गेली. १९९६ मध्ये अमेरिकेत रझा शदमेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या हातात एका यंत्राची मूठ दिली. मूठ पुढे न्यायला गेलं की यंत्र हात एका बाजूला ढकलायचं. थोड्या सरावाने लोक त्या ढकलण्याला पुरून उरायला शिकले. मग यंत्राने उलट्या बाजूला ढकलायला सुरुवात केली. ही दुसरी शिकवणी लगेच दिली, तर पहिली जणू पुसली गेली. चार तासांनी दिली, तर पहिली शाबूत राहिली. पुढच्या काही प्रयोगांत हे चार तासांचं गणित तसंच्या तसं सापडलं नाही, म्हणून घड्याळ लावून बसू नका. पण आत्ताच शिकलेलं काम काही काळ कच्चं असतं आणि तेवढ्यात त्याच्यासारखंच पण उलटं काम मधे आलं तर ते बिघडू शकतं, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. पुढच्याच वर्षी शदमेहर यांनी मेंदूची चित्रं घेतली. सरावानंतर सहा तासांनी लोक तेच काम तितक्याच सफाईने करत होते, पण मेंदूतली जागा बदलली होती. कपाळामागच्या भागाचा सहभाग कमी झाला होता आणि हालचाली आखणारे भाग व लहान मेंदू पुढे आले होते. मधल्या सहा तासांत त्या लोकांनी काहीच सराव केला नव्हता.

विरजण लावलेलं दूध आपण दर पाच मिनिटांनी ढवळून बघत नाही. तुमच्या क्लासमध्ये नेमकं तेच चाललंय.

तुमचा क्रम बघा. पाऊण तास मराठी, आणि खुर्ची न सोडता पाऊण तास इंग्रजी. त्याच दहा बोटांनी, त्याच कळांवर, पण प्रत्येक बोटाचा अर्थ वेगळा. ए-एस-डी-एफ-जी-एफ घोकताना डावा हात नुकतंच शिकलेलं मराठी बाजूला सारून दुसरंच काही शिकतो. बोटांच्या बाबतीत हे मुद्दाम तपासलं गेलंय. मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या गटाने २००३ मध्ये लोकांना बोटांनी आकड्यांचा एक क्रम टायप करायला शिकवला आणि लगेच दुसरा. रात्रीच्या झोपेनंतर दुसरा क्रम सुधारलेला होता, पण पहिल्याची अचूकता जिथल्या तिथे राहिली होती. तुमच्याकडे पहिलं मराठी असतं, दुसरं इंग्रजी. इंग्रजी बरं चालल्याचं नवल तुम्हाला वाटतं, मला फारसं वाटलं नाही. हेच एकमेव कारण असेल असं छातीठोकपणे सांगणार नाही, इंग्रजीची कळफलकावरची जुळवाजुळव मुळातच सोपी आहे. पण क्रम बदलून बघायला पैसे पडत नाहीत.

त्याहून मला ऑफिसातलं इनस्क्रिप्ट खटकतं. तुमच्या टेबलावर दिवसातून कितीदा तरी येणारे दोन शब्द घ्या : 'विनंती अर्ज'. क्लासच्या रेमिंग्टनमध्ये जुन्या टंकयंत्राची पद्धत आहे, दिसतं तसं मारायचं. 'वि'ची ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व. 'अर्ज'मध्ये अ, मग ज, आणि वरचा रफार शेवटी. इनस्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने जातं. आधी व, मग वेलांटी. आधी अ, मग र, मग पाय मोडायचा, मग ज. म्हणजे नुसत्या कळा बदललेल्या नाहीत, अक्षरं मारायचा क्रमच उलटा झालाय. दिवसभर ऑफिसात बोटांना एक सवय लावायची आणि संध्याकाळी परीक्षेसाठी तिच्या बरोबर उलट. यातून १२ चे २१ झाले, हेच मला विशेष वाटतं.

म्हणून पहिलं काम टायपिंगचं नाहीच. उद्या तुमचा नियुक्ती आदेश काढा आणि टंकलेखनाची अट शब्दशः वाचा. लिपिक-टंकलेखक पदांसाठी आपल्याकडे सर्वसाधारणपणे 'मराठी ३० किंवा इंग्रजी ४०' अशी अट असते. तुमच्या आदेशातही 'किंवा' असेल, तर एकच विषय धरा आणि दुसरा परीक्षा होईपर्यंत बंद ठेवा. शंका असेल तर आस्थापना शाखेत विचारा, जमलं तर लेखी घ्या. 'जे आधी निघेल ते निघेल' हा हिशोब वरकरणी शहाणपणाचा वाटतो, पण दोन्ही एकमेकांचे पाय ओढत असतील तर त्यात दोन्ही उशिरा निघतात. आदेशात 'आणि' असेल, तर आधी एक परीक्षा द्या, मग दुसरी. तेही जमण्यासारखं नसेल तर निदान एक सकाळी आणि एक संध्याकाळी, इतकं तरी क्लासवाल्यांशी बोलून घ्या. वेळ बदलून मागितली तर ते सहसा नाही म्हणत नाहीत, फी तेवढीच मिळते त्यांना.

दुसरं काम ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं. परीक्षेत जो कळफलक असणार तोच तिथे बसवून घेता येतो का ते बघा. कॉम्प्युटर सांभाळणारा जो कुणी मुलगा असेल त्याचं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. साहेब नको म्हणाले, तर या काही महिन्यांत लांबलचक टिपण्या दुसऱ्या कुणाला टायप करू द्या आणि त्याबदल्यात आवक-जावक नोंदवही तुम्ही घ्या. सहकाऱ्यांकडे मागायला संकोच वाटेल. 'अनुकंपावाली, हिला आयती मिळाली' हे कुणीतरी बोललंय असं पत्रात ओझरतं आलंय, आणि त्यामुळेच तुम्ही ऑफिसात कुणाला काही मागत नसाल अशी मला शंका आहे. त्या नोकरीची किंमत तुमच्या घराने मोजलेली आहे, ताई. कळफलक बदलून मागणं ही मेहेरबानी होत नाही.

आता झोपेबद्दल. साडेतीनच्या गजराला मी ठाम नाही म्हटलं ते यासाठी. २००२ मध्ये वॉकर यांच्याच गटाने उजव्या हाताने कामं करणाऱ्या लोकांच्या डाव्या हाताला ४-१-३-२-४ असा क्रम टायप करायला दिला. सकाळी शिकून रात्री पुन्हा तपासलेल्यांच्या वेगात सांगण्यासारखा फरक नव्हता. मधे एक रात्र झोप झाली की वेग साधारण २० टक्क्यांनी वाढलेला. ही वाढ रात्रीच्या उत्तरार्धातल्या, स्वप्नांच्या अवस्थेहून वेगळ्या अशा एका हलक्या झोपेशी जोडलेली दिसली. या संशोधनावर पुढे टीकाही झाली. वाढ म्हणतात त्यातला काही भाग नुसता बोटांचा थकवा उतरल्याचा असावा, झोप कौशल्य वाढवण्यापेक्षा ते ढासळू देत नाही एवढंच खरं असावं, असं म्हणणारे संशोधक आहेत आणि त्यांचं म्हणणं मला बरंच पटतं. पण तुमच्यापुरता निष्कर्ष दोन्हीकडून एकच निघतो. दीडला झोपून पाचला उठणाऱ्या माणसाच्या रात्रीचा उत्तरार्ध आधीच कापला गेलाय. साडेतीनला उठलात तर उरलंसुरलंही जाईल, आणि त्या जादा तासात जे शिकाल ते मुरायला रात्रच शिल्लक राहणार नाही.

याच गटाचं २००४ चं एक निरीक्षण मला फार आवडतं. रात्रीतून सगळ्यात जास्त सुधारली ती क्रमातली ती ठिकाणं, जिथे बोटं आदल्या दिवशी सगळ्यात जास्त अडखळत होती. तुमची अडखळण्याची ठिकाणं तुम्हाला तोंडपाठ असतील : क्ष, ज्ञ, श्र, रफार, आणि 'कार्यालयीन', 'प्रस्तुत प्रकरणी', 'उपरोक्त संदर्भीय' अशी सरकारी जोडाक्षरी मंडळी. अख्खा उतारा पुन्हा पुन्हा बडवण्यापेक्षा रात्री यातले पाच-सहा शब्द वेगळे काढा. सावकाश, न चुकता मारा. हात चुकीचंही तेवढ्याच इमानाने शिकतात, म्हणून वेगाच्या मागे लागून चुका घोटू नका.

आणि अडीच तास नकोत. चाळीस मिनिटं पुरे, तीही तुकड्यांनी. मिनिटभर टायप करा, अर्धा मिनिट हात मांडीवर ठेवा. हे आळशीपणाचं वाटेल, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने २०१९ मध्ये लोकांकडून दहा सेकंद सराव, दहा सेकंद थांबा असं करून घेतलं. नवा क्रम शिकतानाची सुरुवातीची वेगवाढ त्यांना मुख्यतः त्या थांबण्यात सापडली. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या काही सेकंदांत मेंदू तोच क्रम स्वतःशी अनेकदा उजळतो, बोटांपेक्षा सुमारे वीस पट वेगाने. इथेही थकव्याचा वाद चालू आहेच. तरी थांबण्याने कुणाचं नुकसान झाल्याचं कुणी म्हटलेलं नाही, आणि मनगटं तुमची दुखतात असं तुम्ही लिहिलंच आहे.

एवढ्याने भागेल का, ही धाकधूक तुम्हाला होणार. त्यासाठी पोस्टमनांची गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये टपाल छाटणीची नवी यंत्रं आली तेव्हा पोस्टमनांना टायपिंग शिकवायची वेळ आली. ॲलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्यांचे गट पाडले. कुणाला दिवसाला एक तास, कुणाला दोन, कुणाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका. १९७८ मध्ये निकाल छापून आला. कळफलक सगळ्यात कमी तासांत हाती आला तो दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना, आणि सगळ्यात जास्त तास लागले ते दिवसाला चार तास बसणाऱ्यांना. आता गंमत बघा. आपल्या शिकवणीवर सगळ्यात नाराज कोण, तर हाच एक तासवाला गट! बाकीचे कॅलेंडरप्रमाणे पुढे चाललेत आणि आपण मागे, असं त्यांना वाटत होतं. चार तासवाले खुशीत होते. म्हणून पहिले दोन आठवडे तुम्हाला हे सगळं कमीच पडतंय असं वाटेल, अपराधीही वाटेल. वाटू द्या. एक खोट मात्र सांगायला हवी. एक तासवाल्यांना तास कमी लागले तरी दिवस जास्त लागले होते. तुमच्याकडे काही महिने आहेत म्हणून मी हा मार्ग सुचवतेय. पंधरा दिवस उरले असते तर सल्ला वेगळा असता.

रविवारचे पाच तास याच हिशोबाने तोडा. सकाळी एक बैठक, संध्याकाळी एक, मधे दुपारची झोप मिळाली तर उत्तम.

मुलाच्या 'झ कुठे आहे'ला काय उत्तर द्यायचं ते सांगते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सराईत टायपिस्टांना कोरा कळफलक देऊन अक्षरं भरायला सांगितली होती. मिनिटाला सरासरी ७२ शब्द टायप करणारी ही मंडळी. त्यांना सरासरी पंधराच अक्षरं बरोबर जागी लिहिता आली. २०१४ चा अभ्यास आहे हा. सांगता येणं आणि करता येणं ही मेंदूची दोन वेगळी खाती आहेत. हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते हेन्री मोलेसन या माणसात. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा काही भाग काढला आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला, पण हे आपण पूर्वी कधी केलंय हे त्याला दर वेळी आठवत नसे. तेव्हा झ सांगता आला नाही म्हणून मन खट्टू करू नका. मुलाला म्हणावं, 'झाड' म्हण, मी टायप करून दाखवते.

वयाचं म्हणाल, तर साठी-सत्तरीच्या लोकांवरच्या अभ्यासांत झोपेनंतरचा फायदा तरुणांपेक्षा कमी दिसलाय, हे खरं. सरावाने त्यांचाही हात सुधारतोच. आणि तुम्ही त्रेचाळीसच्या आहात, सत्तरच्या नाही. क्लासमधली मुलं पुढे गेली असं तुम्हाला दिसतं, पण त्यांची बोटं लहानपणापासून मोबाइलवर चालतायत, घरी गेल्यावर ताट वाढलेलं असतं आणि ती सात-आठ तास झोपतात. यातलं शेवटचंच काय ते तुम्हाला थोडंफार उचलता येईल. सव्वाअकराला अंथरुणावर पडा. पहिले काही दिवस झोप येणार नाही कदाचित. माणूस गेल्यानंतर रात्रीचं काम हाताशी असणं हा आधारही असतो, हे मला कळतं, आणि तुम्ही दीडपर्यंत बसता त्यामागे परीक्षेपलीकडचंही काही असू शकेल. तीन-चार आठवडे पडूनही डोळा लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, टायपिंगसाठी नव्हे, तुमच्यासाठी. पाण्याचं म्हणाल तर मुलगा एवढा मोठा आहे की आईची परीक्षा घेतो. आठवड्यातून दोन दिवस पाचला उठून हंडे-बादल्या भरायला त्याला काय हरकत आहे?

वेग मोजायचा तो आठवड्यातून एकदाच. क्लासमध्ये गेल्या गेल्या, हात गार असताना, कधी न पाहिलेला उतारा. तो आकडा कॅलेंडरवर लिहा. रात्रीचे आकडे लिहू नका, बघूही नका. उतारेही रोज बदला. एकाच कळफलकावर मजकूर बदलत राहणं बोटांना मानवतं. मघाशी ज्याला नको म्हटलं ते दोन उलट्या कळफलकांची सरमिसळ, हे वेगळं आणि ते वेगळं.

हार्मोनियम, शिवणयंत्र, गिअरची गाडी असं काही मोठेपणी शिकणाऱ्यांची पत्रं येत असतात आणि त्यांतही 'काल जमत होतं, आज गेलं' ही तक्रार असतेच. त्यांनीही या उत्तरातलं आपल्यापुरतं उचलावं. विशेषतः एकाच आठवड्यात दोन गुरूंकडून दोन पद्धती शिकणाऱ्यांनी.

परीक्षेचा फॉर्म भरा, मागे घेऊ नका. परीक्षेआधीच्या दोन-तीन दिवसांत नवीन उतारा, नवीन कीबोर्ड, नवीन खुर्ची काही नको. केंद्रावर कळा कशा दाबल्या जातात ते आधी पाहता आलं तर एकदा जाऊन या. त्या दिवशी मशीनसमोर बसल्यावर सुरू करायच्या आधी जेवढा वेळ देतील त्यात 'विनंती अर्ज' चार वेळा मारा. पहिल्या मिनिटाची घसरण तिथेच जिरवून टाकायची.